बेंचमार्कच खचला होता

त्सुनामीनंतर दोन आठवड्यांनी, जानेवारी २००५ मध्ये, खडकीहून लष्करी इंजिनिअरांची आमची तुकडी दक्षिण अंदमानात पोचली. माझ्याकडे एका छोट्या जेटीचं, म्हणजे बोटींच्या धक्क्याचं, काम आलं. वरून आलेल्या पत्रात एकच शब्द होता, 'पूर्ववत'. मूळ ड्रॉइंगप्रमाणे दुरुस्ती करा आणि मोकळे व्हा.

पहिल्याच दिवशी, १० तारखेच्या अमावास्येच्या भरतीला, डेकवर, म्हणजे जेटीच्या वरच्या फरशीवर, घोट्याएवढं पाणी आलं. हवालदारांनी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावली आणि किनाऱ्यावरच्या बेंचमार्कच्या, म्हणजे ज्याची उंची आधीच ठरलेली असते त्या खुणेच्या, दगडापासून डेकपर्यंत लेव्हल आणली. ती ड्रॉइंगशी सेंटिमीटरपर्यंत जुळली. म्हणजे जेटी जागच्या जागी होती, आणि तरीही बुडत होती. मी त्यांना तीन वेळा परत मोजायला लावलं, मोजपट्टीचा स्टाफ बदलायला लावला, शेवटी आवाजही चढवला. साताऱ्याचा तो माणूस बावीस वर्षं लेव्हल घेत होता. चूक त्याची नव्हतीच.

डुंगी म्हणजे इथली छोटी होडी. ती चालवणारे चाचा हे सगळं बघत होते. ओहोटी लागल्यावर ते मला जेटीखाली घेऊन गेले. "साब, नापी छोड़ो, सीप देखो." पाइलवर, म्हणजे जेटीच्या पाण्यातल्या खांबांवर, कालवांचा पांढरा, खरखरीत पट्टा होता. भर ओहोटीला डुंगीत बसलं की त्याचा वरचा काठ त्यांच्या डोक्याशी यायचा. त्या दिवशी तो कमरेशी होता. काठाजवळची कालवं आता जास्त वेळ पाण्याखाली राहू लागली होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्सुनामी आणणाऱ्या भूकंपात जेटी, दगड, किनारा सगळंच एकत्र खचलं होतं. आम्ही खचलेल्या जमिनीवर उभं राहून खचलेली जेटी मोजत होतो, मग फरक दिसणार कुठून? पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) आसपासची जमीन साधारण मीटरभर खाली गेली. भारताचं दक्षिण टोक असलेला ग्रेट निकोबारचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. उत्तर अंदमानात मात्र जमीन वर आली आणि प्रवाळ उन्हात उघडं पडून मेलं. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथे जेमतेम दोन. म्हणून इथला एक मीटर म्हणजे निम्मी भरती.

पण कालवं दाखवून अंदाजपत्रक मंजूर होत नाही. आम्ही टाइड पोल, म्हणजे पाण्याची उंची वाचायचा खुणांचा खांब, रोवला, त्याचं शून्य जुन्या बेंचमार्कला जोडलं आणि २५ तारखेच्या पौर्णिमेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी, रात्रीसुद्धा बॅटरीच्या उजेडात, वाचन घेतलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. प्रत्येक वाचन साधारण मीटरभर जास्त. या वहीचा मला आजही अभिमान आहे. ती पाहिल्यावरच 'पूर्ववत' हा शब्द मागे घेतला गेला. तो लिहिणाऱ्याने जेटी पाहिली असती तर पंधरा दिवस वाचले असते, आणि त्या दिवसांत रेशन याच धक्क्यावर उतरत होतं.

डेक फोडला, पाइलची डोकी छिलून सळया मोकळ्या केल्या आणि वर नवे खांब चढवले. जमीन गेली होती मीटरभर. मी दीड मीटर उचलायचं ठरवलं. रोज आफ्टरशॉक येत होते, तंबूत झोपलं तरी खाट हलायची, आणि जमीन आणखी खचली तर, ही धास्ती मनातून जात नव्हती. हिशेबाच्या कागदावर तिला मी 'सुरक्षेची मर्यादा' म्हटलं. त्या अर्ध्या मीटरमध्ये हिशेब किती होता आणि भीती किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

काम संपल्यावर निघायच्या दिवशी ओहोटी होती. चाचांचा मुलगा डुंगीत उभा राहून तांदळाचं पोतं वर देत होता. पूर्वी हात वर केले की ते डेकच्या काठावर टेकायचं. आता टेकत नव्हतं. वरचा माणूस पोटावर पालथा पडून, दोन्ही हात खाली सोडून ते ओढून घेत होता.

चाचा मला काही बोलले नाहीत. त्यांनी माझी ट्रंक उचलून गाडीत ठेवली.