कापसाच्या गोदामावर सोलर, एकही भोक न पाडता : नोंद ३

बारापैकी आठ क्लॅम्प बसले. चार मुद्दाम थांबवले, कारण खाली येतंच. क्लॅम्प म्हणजे पत्र्यांच्या कडा एकत्र दुमडून वर आलेली उभी शिवण भोक न पाडता बाहेरून धरणारी पकड. सोलर पॅनल त्यांच्याच आधारावर राहतात.

गोदाम भावजींचं, हिंगणघाटच्या अलीकडे, आणि आत कापूस. त्यामुळे छताला भोक पाडायचं नाही हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे साध्या टिनाला जे-हूक, म्हणजे भोकातून घालायचा वाकडा बोल्ट, मारायची सवय. मदतीला आलेला फॅब्रिकेटर म्हणालाच, "भाऊ, चार स्क्रू मारून देऊ ना, वरून सिलिकॉन भरू. काय होते त्यानं?" होतं असं की नवतप्यात पत्रा तापून सरकतो, भोकाशी सिलिकॉन सुटतं, आणि मृगाचा पहिला पाऊस थेट गंजीवर.

किती सरकतो ते मोजलं. पहाटे साडेपाचला वळचणीच्या अँगलवर पत्र्याच्या कडेशी पेन्सिलची रेघ मारली. दुपारी दोनला कड रेघेच्या ४ मिलिमीटर पुढे आली होती. पत्रा ९ मीटरचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ४० अंशांच्या फरकाला ४.३. हिशेब जुळला. हा पत्रा मोभाशी पक्का आहे, खाली उभ्या शिवणीच्या आत सरकत्या क्लिपा आहेत. क्लिपेच्या जागीच क्लॅम्प आवळला तर ते सरकणं अडतं. क्लिपा बसतात पर्लिनवर, म्हणजे छताखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर. म्हणून आतून पर्लिनची मापं घेतली, वर खडूनं खुणा केल्या आणि त्या जागा सोडल्या.

सगळ्यात जास्त वेळ ग्रब स्क्रूंवर, म्हणजे क्लॅम्प शिवणीवर आवळणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूंवर गेला, आणि तो द्यायलाच हवा. उरलेल्या पत्र्याच्या तुकड्याला शिवण घालून आधी त्यावर प्रयोग केला. बाजारातून आणलेल्या टोकदार स्क्रूनं मुलामा कापून आतलं पोलाद उघडं पाडलं. तो तुकडा ओल्या गोणपाटात ठेवला, तर त्या ओरखड्याला नारिंगी गंज धरला. गोल टोकाच्या स्टेनलेस स्क्रूनं फक्त गुळगुळीत खळगी पडली, मुलामा शाबूत. आवळायला टॉर्क पानाच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना. माझ्या क्लॅम्पचा आकडा इथं देत नाही, कारण पत्र्याची जाडी आणि शिवणीची घडी बदलली की आकडा बदलतो. तुमच्या क्लॅम्पच्या पत्रकातलाच घ्या.

गॅल्व्हल्यूम म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा. त्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, म्हणून ॲल्युमिनियमचा क्लॅम्प त्याला चालतो. तांबं नाही. अर्थिंगची उघडी तांब्याची तार पत्र्यावर लोळत ठेवू नका. तिच्यावरून ओघळलेलं पाणीसुद्धा मुलामा खातं. मी आवरण असलेली तार क्लॅम्पला अडकवून वरच्यावर नेली.

आता ते चार. ते पश्चिमेच्या कडेला येत होते. वावधन सुटलं की छताच्या कडेला आणि कोपऱ्याला वारा सगळ्यात जोरात उचलतो. तो ताण पॅनलवरून क्लॅम्पला, तिथून शिवणीला, क्लिपेला आणि शेवटी पर्लिनला जातो. क्लॅम्प कितीही दणकट असला तरी क्लिप उपटली की पत्र्यासकट सगळं जातं. म्हणून पॅनल एक मीटर आत घेतोय आणि प्रत्येक शिवणीवर क्लॅम्प देतोय, एकाआड एक नाही.

चढताना कमरेला नाही, अंगभर हार्नेस. त्याचा दोर पॅनलच्या क्लॅम्पला कधीच बांधू नका, ते माणूस झेलायला बनवलेले नसतात. आम्ही दोर मोभावरून पलीकडे नेऊन मुख्य खांबाला बांधला, मोभाच्या धारेवर गोणपाट घातलं. उजेडासाठी लावलेल्या फायबरच्या पट्ट्या धुळीनं पत्र्यासारख्याच दिसतात. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आतून दिवा लावून त्या आधी शोधल्या आणि लाल रंगानं कडा आखल्या. काम सकाळी सहा ते साडेआठ. दव वाळल्याशिवाय वर पाय नाही.

पुढच्या रविवारी आठही क्लॅम्पचा टॉर्क पुन्हा तपासायचा, मग पॅनल धरणाऱ्या रेल (आडव्या पट्ट्या).