वजनाचा काटा अडकतो तेव्हा: माझा अनुभव

पहिला महिना कसा काढावा हे मी लिहीत बसत नाही, तो निघतो. चहातली साखर कमी होते, संध्याकाळचं फरसाण सुटतं, सकाळचं चालणं सुरू होतं, काटा भराभर उतरतो आणि घरचेही कौतुक करतात. माणसं सोडून देतात ती पुढे, काटा एकाच आकड्यावर हट्टाने बसून राहतो तेव्हा. मी त्यातून गेले आहे. नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणींच्या वजनाच्या वह्याही पाहिल्या आहेत. अजूनही कुणी "माझ्यात जिद्दच नाही गं" म्हणत रडवेली झाली की माझा संताप होतो, कारण जिद्द तिच्यात भरपूर असते, काटा कसा वाचायचा ते मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी सुरुवातीच्या घसरणीबद्दल. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवून ठेवतं, साधारण 400 ते 500 ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात, पोळी, साखर कमी केली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले असतील तर त्यात चरबी फार तर अर्धा किलो. "पंधरा दिवसांत पाच किलो" असे फलक लावणारे याच पाण्यावर धंदा करतात, आणि तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की समोरच्यालाच "तुम्ही पथ्य पाळत नाही" म्हणून ऐकवतात.

आता चरबीचा हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. गरजेपेक्षा रोज 550 कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम 70 ग्रॅम. त्याच काट्यावर पाण्याचा चढउतार मात्र एका दिवसात एक-दीड किलोचा असू शकतो. रोजचे 70 ग्रॅम त्यात दिसणार कसे? दोन आठवड्यांत एक किलो चरबी गेलेली असते आणि त्याच वेळी एक किलो पाणी साचलेलं असतं, म्हणून काटा जागच्या जागी. नेमकं याच टप्प्यावर लोक जेवण आणखी तोडतात, नाहीतर सगळंच सोडून देतात.

हे पाणी साचतं कशाने? पहिलं मीठ. शरीरात जादा राहिलेल्या 9 ग्रॅम मिठामागे साधारण लिटरभर पाणी अडकतं, आणि पापड, लोणचं, फरसाण, हॉटेलातली ग्रेव्ही अशा एका दिवसात मीठ कुठल्या कुठे जातं. दुसरं पाळी. ती यायच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचं वजन एक-दीड किलो वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत उतरतं. त्यामुळे बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच नये, मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी. हे मला कुठल्याही आहारतज्ज्ञाने आपणहून सांगितलं नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तिसरं, नवा व्यायाम. स्क्वॅट किंवा वजनं सुरू केली की पाय दुखतात, दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं, आणि "व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं" म्हणून माणूस व्यायामच बंद करतो. चौथं बद्धकोष्ठ. खाणं कमी झालं, त्यात भाजी आणि पाणीही कमी झालं, की दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही आणि तेही काट्यावर दिसतं.

एक उदाहरण घेऊ. शनिवारी सकाळी 78.4. रात्री लग्नाचं जेवण: मसालेभात, पुऱ्या, पापड, जिलबी. रविवारी 79.9. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला गरजेपेक्षा 11,550 कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि एका पंगतीत ते कुणालाच शक्य नाही. पुढचे आकडे असे: 79.3, 78.8, 78.5, 78.2 आणि शुक्रवारी 78.0. सात दिवसांची सरासरी 78.7. मागच्या आठवड्याची सरासरी 79.1 असेल तर सगळं ठीक चाललं आहे. रविवारच्या आकड्याने घाबरून सोमवारी कडकडीत उपास धरला असता तर मंगळवारी रात्री डब्यांवर धाड पडली असती.

म्हणून आधी मोजणं नीट करा. काटा टणक, सपाट फरशीवर. सतरंजीवर किंवा दोन फरशांच्या सांध्यावर नको. जागा ठरलेली. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काट्यावर शंका आली तर एकदा नुसतं उभं राहा, मग पाच किलोचं सीलबंद कणकेचं पाकीट हातात घेऊन उभं राहा. फरक पाच किलोच्या आसपास यायला हवा. आकडा वहीत लिहा, पण मत आठवड्याच्या सरासरीवरच बनवा. रोज आकडा पाहून जीव खालीवर होत असेल, किंवा जेवणाशी तुमचं नातं पूर्वीपासून तणावाचं असेल, तर रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. सोबत शिंप्याची टेप ठेवा. बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता, महिन्यातून दोनदा. काटा थांबलेला असतानाही टेप एक-दीड सेंटीमीटर सरकलेली दिसते. एक न ताणली जाणारी, इलास्टिक नसलेली पँटही बाजूला काढून ठेवा आणि ती महिन्यातून एकदा घालून बघा.

इथे जिममधल्या त्या शरीररचनेच्या यंत्राबद्दल लिहायलाच हवं. आमच्या जिममध्ये दर महिन्याला त्यावर उभं करत, तेही संध्याकाळी, व्यायाम करून घामाघूम झाल्यावर, आणि निघालेला कागद हातात देऊन "स्नायू घटलेत, प्रोटीनचा डबा घ्या" असं सांगत. हे यंत्र तळव्यांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी वीज वाहून नेतं, चरबी फारशी नेत नाही. त्यामुळे घाम गेला, पाणी प्यायलं, जेवण झालं, की उत्तर बदलतं. दोन कागदांतला एक-दोन टक्क्यांचा फरक हा तुमच्या मेहनतीचा निकाल नसतो. वापरायचंच असेल तर सकाळी, उपाशीपोटी, त्याच यंत्रावर, आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने.

आता समजा सरासरीही हलत नाही आणि टेपही नाही. किती दिवस थांबायचं? माझं ठाम मत: पूर्ण चार आठवडे. त्याआधी जेवणातून काहीही तोडायचं नाही. चार आठवड्यांनंतरही तेच असेल तर पहिली झडती स्वयंपाकघराची. सुरुवातीला चमच्याने मोजलेलं तेल काही आठवड्यांत अंदाजाने पडायला लागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एक लिटर तेलात साधारण 8,200 कॅलरी असतात. नवी पिशवी फोडली की त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोज 33 मिली, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. दुसरा शेंगदाण्याचा कूट. 30 ग्रॅम दाणे म्हणजे 170 कॅलरी, आणि भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत मिळून तेवढा कूट सहज पोटात जातो. तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर तेल, कूट, कणीक, तांदूळ मोजून पाहा. तीनच दिवस, जन्मभर नाही.

भाकरीचाही घोळ इथेच उघडा पडतो. पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, भाकरीला 50 ते 60 ग्रॅम पीठ. ज्वारी चांगलीच, भाकरीने पोटही टिकतं, पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या म्हणजे जवळजवळ दुप्पट. उपासाचंही तसंच: साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली बशी 500 कॅलरींच्या घरात जाते आणि तासा-दोन तासांत परत भूक लागते, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच.

दुसरी झडती हालचालीची. कमी खाल्लं की माणूस नकळत कमी हलतो. लिफ्ट घेतली जाते, दुपारी आडवं व्हावंसं वाटतं. फोनवरची पावलं आजची आणि पहिल्या महिन्यातली ताडून पाहा. शिवाय शरीर लहान झालं की त्याची गरजही कमी होते. दहा किलो उतरल्यावर रोजची गरज दोनशेच्या आसपास कॅलरींनी घटलेली असते. सुरुवातीला ज्या जेवणावर वजन उतरत होतं, त्याच जेवणावर आता ते स्थिर राहतं. यात तुमची चूक काहीच नाही.

या दोन्ही झडत्यांत काही सापडलं नाही तरच रोजच्या 100 ते 150 कॅलरी कमी करा, किंवा अर्धा तास चालणं वाढवा. दोन्ही एकदम नको. मन फारच विटलं असेल तर दोन आठवडे मुद्दाम वजन स्थिर ठेवायचे, पोटभर पण मोजून जेवायचं, आणि मग पुन्हा सुरुवात. याला हार समजू नका. उपासमारीने मनाचं काय होतं ते 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात दिसलं होतं: चिडचिड, उदासी, रात्रंदिवस अन्नाचेच विचार, आणि अंगावर सूज. भूक मनाला पोखरते, तेव्हा कमी खाण्यालाही मर्यादा हवी.

राहून गेलेलं एक महत्त्वाचं: वेग. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून जास्त नको. फार झपाट्याने उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळायला लागले की बायका सगळं सोडतात, तेव्हा आधीच सावध राहा. प्रत्येक जेवणात प्रथिनं बघा: दोन अंडी 12 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीर 9, कोरडे सोयाबीन वडे 25 ग्रॅम घेतले तर 13, घट्ट वरणाची वाटी सहा-सात. पाच वाजताच्या भुकेला 30 ग्रॅम फुटाणे डब्यात ठेवा, 110 कॅलरींत काम होतं. 50 ग्रॅम शेव पावणेतीनशेपर्यंत नेते.

दिवाळी, गणपती, लग्नसराई यांत वजन उतरवायचं नावच काढू नका, आहे तेवढं राखलं तरी तो महिना जिंकला. फराळाचं ताट एकदाच, बसून, दुपारच्या चहाबरोबर. येता-जाता डब्यात हात नको. मावशी-काकूंनी आग्रह केला तर "नको" म्हणून वाद ओढवून घेण्यापेक्षा "अर्धंच वाढा, परत मागते" म्हणा. आणि खाणं बिघडलं तर सोमवारची वाट पाहू नका. पुढचं जेवण नेहमीचं, बस.

आठ-दहा आठवडे हे सगळं नीट करूनही काहीच हललं नाही, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. उलटही होतं: रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असताना वजन उतरलं की तोच डोस जड पडू शकतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर "डाएटमुळे अशक्तपणा आला" म्हणून नुसतं लिंबूसरबत पिऊन गप्प बसू नका, त्याच दिवशी साखर आणि रक्तदाब मोजून डॉक्टरांना फोन करा.