भांडण नेत्यावरून, नाव यादीतून गायब

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या कोणत्या नेत्यावरून जुंपलीय, ते मुद्दाम लिहीत नाही. वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येईल तो चालेल. एकाला तो देश वाचवणारा वाटतो, दुसऱ्याला लोकशाही बुडवणारा, आणि दोघंही रात्री बारापर्यंत टाइप करत बसतात. पुणे लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये मतदान मात्र ५० टक्क्यांच्या आतच राहिलं. २०२४ मध्ये ५३ टक्क्यांच्या जरा वर गेलं. उरलेले सगळे काही आळशी नव्हेत. मतदारयादीत मयतांची, गाव सोडून गेलेल्यांची, दोनदा चढलेली नावंही असतात. आणि ज्याला खरंच मत द्यायचंय, त्याचंच नाव ऐनवेळी सापडत नाही.

ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. कार्ड म्हणजे ओळख, मताचा हक्क यादीतल्या नोंदीवर. निवडणूक आयोगाच्या व्होटर्स पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर शोधताना नाव टाकू नका, ओळखपत्राचा क्रमांक टाका. कुलकर्णी, देशपांडे ही नावं इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, मग ‘नोंद सापडली नाही’ असं येतं आणि माणूस उगाच नवा अर्ज भरतो. नोंद मिळाली की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं बघा. नवराबायको वेगवेगळ्या केंद्रांवर निघणं अजिबात दुर्मीळ नाही. नेट जमत नसेल तर १९५० हा फोन आहे.

कोथरूडहून वाकडला राहायला गेलात तर विधानसभाही बदलते आणि लोकसभाही. तुम्ही पुण्यातून मावळात जाता. इथे बहुतेक जण ६ नंबरचा फॉर्म भरतात. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा. पत्ता बदलायला ८ नंबरचा, मतदारसंघ बदलला तरी तोच. चुकीचा फॉर्म भरला की नाव दोन ठिकाणी राहतं आणि पुढे छाननीत नेमकं कुठलं उडेल, याचा नेम नाही.

पुनर्विकासाचं दुखणं वेगळंच. बीएलओ, म्हणजे आपल्या केंद्राची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी, घरोघरी फिरायला येतो तेव्हा इमारतीच्या जागी खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. तो ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतो, त्यात त्याची काय चूक? अशा सोसायटीच्या सेक्रेटरीनं सभासदांची नावं, सध्याचे पत्ते आणि फोन यांची यादी आधीच बीएलओच्या हातात द्यावी. आणि हे ऐन निवडणुकीच्या तोंडावर नको. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीच तुमचा अर्ज आत असावा लागतो.

आता जरा नाजूक. नेत्यावरून वातावरण तापलं की ‘त्यांची बोगस नावं काढा’ अशी मोहीम कुठून तरी सुटते आणि नाव वगळण्याच्या ७ नंबरच्या फॉर्मचे गठ्ठे पडतात. हा फॉर्म त्याच मतदारसंघातल्या मतदारालाच भरता येतो, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नोटीस आली तर ती फाडून ग्रुपवर फोटो टाकण्यापेक्षा राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन सुनावणीला जा. निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथूनही नाही जमलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

एक गोष्ट खटकतेच. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. घटनेचं २४३-यू कलम सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक उरका. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू होते, हे खरं. पण प्रशासकाच्या कारभारात पावणेचार वर्षं गेली आणि लोकशाहीच्या नावानं गळा काढणारे दोन्ही बाजूंचे लोक दिल्लीवरच भांडत होते. लोकसभेची १९७६ ची निवडणूकही आणीबाणीत अशीच लांबवली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, पुढारी येरवड्यात होते. तरी मार्च १९७७ मध्ये मतपेट्या आल्या आणि पुण्यानं जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून दिले.

महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच प्रभागवार फोडतात. त्यामुळे प्रारूप यादी लागल्यावर महापालिकेत जाऊन ‘माझं नाव घाला’ म्हणण्यात अर्थ नसतो. चुकीच्या प्रभागात गेलं असेल तर तेवढं दुरुस्त होतं.

राहिला यंत्रावरचा संशय. लोकसभा-विधानसभेला प्रत्येक केंद्रावर मतदानाच्या ९० मिनिटं आधी निदान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होतं. सातला मतदान म्हणजे साडेपाचला. ती मतं पुसली गेली का आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या बाहेर काढल्या का, हे दोन्ही या प्रतिनिधींनी डोळ्यांनी बघायचं. पुसायचं राहिलं तर मोजणीत आकडा जुळत नाही आणि मग अफवांना ऊत येतो. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून १७-सी या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत घ्यायची. त्यात कंट्रोल युनिटचा (यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागाचा) क्रमांक आणि पडलेली एकूण मतं असतात; मोजणीच्या टेबलावर तोच क्रमांक, तोच आकडा पडताळायचा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर घरी परतू नका, ओळख पटवून प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात, पाकिटात ठेवतात आणि सहसा मोजत नाहीत, पण वाद कोर्टात गेला तर तेवढाच पुरावा उरतो.

पक्षांना विचाराल तर या साडेपाचच्या पाळीलाच प्रतिनिधी मिळत नाहीत. ग्रुपवर रात्री बारापर्यंत जागणारे साडेपाचला झोपलेले असतात.