हाक्से की आइसबाइन? आधी पाटी वाचा

जर्मनीत खाटकाच्या काचेमागे डुकराची नळी, म्हणजे गुडघ्याखालचा पाय, दोन प्रकारांत मिळते. एक ताजी, दुसरी नायट्राइट घातलेल्या मिठात मुरवलेली. कातडीमुळे वरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. पाटीवर 'गेपोकेल्ट' लिहिलं असेल तर ती मुरवलेली. बर्लिनकडे तीच उकडून आइसबाइन करतात. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, ताजी नळी भाजतात, ती हाक्से. मुरवलेली चुकून भाजलीत तर खारट होऊन बसते. उकडताना निदान जादा मीठ पाण्यात उतरतं.

हाक्सेसाठी मागच्या पायाची घ्या, सव्वा ते दीड किलोची. पुढच्या पायाला मांस कमी, हाड जास्त. नळी आधी मिठाच्या पाण्यात तासभर मंद उकडायची. नाहीतर त्या कातडीवर घरची सुरी चालत नाही. मग सेंटीमीटरभर अंतरावर चिरा द्या, पण चरबीपर्यंतच. चीर मांसात गेली की रस वर येतो, कातडी ओली राहते आणि मग काही केल्या फुलत नाही. कापडाने कोरडी टिपून मीठ, मिरपूड आणि क्युमेल चोळा. क्युमेल म्हणजे जिरं नव्हे, ते शहाजिऱ्याच्या वळणाचं. आपलं जिरं हवं असेल तर पाकिटावर 'क्रॉइत्सक्युमेल' लिहिलेलं असतं. नवीन आलेले इथे हमखास फसतात. लसूण फक्त मांसाच्या बाजूला लावा, कातडीवरचा जळून कडू होतो.

ट्रेमध्ये कांदा, गाजर आणि अर्धा लिटर काळी बिअर, वर जाळीवर हाक्से. ओव्हन १६० अंशांवर, पंखा बंद, सुमारे दोन तास. बिअर कातडीवर ओतायची नाही, फॉइल झाकायची नाही. दोन्हींनी कातडीचं चामडं होतं. घड्याळापेक्षा सळई खरी: हाडाजवळ विनासायास घुसली की झालं. थर्मामीटर असेल तर मधोमध ८५ ते ९० अंश. ७५ला मांस खायला सुरक्षित असतं, पण नळीतल्या चिवट पडद्यांचं जिलेटिन व्हायला वेळ आणि त्याहून जास्त उष्णता लागते. शेवटी २३० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलू नका. कातडीवर बुडबुडे यायला लागल्यापासून करपण्यापर्यंत दोन-तीन मिनिटंच असतात.

आइसबाइन त्यामानाने सोपी. गार पाण्यात बुडेल अशी ठेवा. कांदा, दोन तमालपत्रं, पाच-सहा मिरी घाला, मीठ अजिबात नाही. अडीच-तीन तास पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. खदखदा उकळलं तर मांसाचे धागे आवळतात आणि भरपूर पाण्यात शिजूनही ते कोरडं लागतं. मांस गुलाबीच राहतं. ते कच्चेपण नव्हे, नायट्राइटचा रंग आहे. उरलेलं पाणी फ्रीजमध्ये थिजतं, ते वाटाण्याच्या सूपसाठी ठेवा. आधी चाखून मात्र बघा. कुकरमध्ये पाऊण तासात होते, पण कातडी लगदा होऊन सुटते.

गालांचं मांस, म्हणजे बेकशेन, सांगून ठेवल्याशिवाय सहसा मिळत नाही. एका डुकराला गाल दोनच. तिघांना सहाशे ग्रॅम पुरतात. वरचा चंदेरी पापुद्रा काढा, आतली पांढरी रेघ राहू द्या. तीच विरघळून रस्सा दाट करते. कढईत न गर्दी करता तांबूस परता, नाहीतर पाणी सुटून उकडले जातील. कांदा, गाजर, सेलेरीचा कंद, चमचाभर टोमॅटो पेस्ट, पाव लिटर लाल वाइन, ३०० मिली स्टॉक. झाकून १५० अंशांवर दोन तास. मीठ रस्सा आटल्यावरच बेताचं घाला. गोव्याच्या सोरपोतेलसारखंच हेही दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, आणि गार झाल्यावर वरची चरबी चमच्याने अख्खी उचलता येते.