आरडीचे पार्ट दिले, सेट न फोडता
आज बाबांचे आरडी ३५० चे (यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून आलेली) रेसिंगचे पार्ट विकले. वाडा रिडेव्हलपमेंटला जातोय, माळ्यावरचं सगळं ठेवणार कुठे. नाना पेठेतले दोन-तीन जण बघून गेले पण सगळ्यांना सुटं सुटं हवं होतं, कोणाला नुसते कार्बोरेटर कोणाला नुसते पिस्टन, ते मला अजिबात पटत नव्हतं. बॅरल (सिलिंडर) हाय टॉर्कचे, म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३ ला आणलेल्या राजदूत ३५० मधल्या ३०.५ बीएचपीवाल्या गाडीचे, लो टॉर्क २७ ची होती. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक, बाबांनी स्वतः घासून वर नेलेला, पोर्ट लवकर उघडला की ताकद वरच्या आरपीएमला मिळते, खाली गाडी मरते, आणि त्याला जुळणाराच एक्सपान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला सायलेन्सरचा पाइप) लागतो कारण त्यातून उलटी येणारी प्रेशरची लाट बाहेर निसटणारं मिक्श्चर परत सिलिंडरमध्ये ढकलते. मग असा सेट फोडायचा कसा??

शेवटी कोल्हापूरचा एक मुलगा आला. बॅरल उजेडात धरून पोर्टच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, काका हे हातानं केलंय न्हवं, कड किती साफ मारलीय, रिंग कुठंच अडकायची नाही. तिथेच ठरलं माझं. त्याने सांगितला तो भाव घेतला, मेणकागदातली ओव्हरसाइज पिस्टनची जोडी वर तशीच दिली. बाबांची जेटिंगची, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटच्या मापांची वही मात्र मी ठेवली, त्याला सगळ्या पानांचे फोटो पाठवले. पुढच्या महिन्यात तो इंजिन बांधायला घेतोय.