काचेचा कारखाना आणि तेरा फेब्रुवारी

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. ड्रेस्डेन.

आज १९४५च्या बॉम्बहल्ल्याच्या आठवणीत सहाला उभ्या राहणाऱ्या मानवी साखळीला जायचं म्हणून ऑफिसातून लवकर निघाले. ट्राम स्ट्रासबुर्गर प्लाट्झच्या थांब्यावर आली की फोक्सवागनचा काचेचा कारखाना दिसतो. चाळीस मीटर उंचीचा गोल पारदर्शक मनोरा, त्यात मजल्यामजल्यावर गाड्या रचून ठेवलेल्या. आत मेपलच्या लाकडाची जमीन, कामगारांचे पांढरे कपडे. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला तो लग्नाचा हॉलच वाटला होता. चाकणला नोकरीची सुरुवात केलेल्या माणसाला कारखाना म्हटलं की कूलंटचा वास आठवतो, तो इथे नावालाही नव्हता.

गेल्या डिसेंबरमध्ये इथून शेवटची आयडी-३ ही इलेक्ट्रिक गाडी बाहेर पडली. जर्मनीतल्या आपल्या कारखान्यात गाड्या बनवणं बंद करायची कंपनीच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. तसा हा कारखाना शोभेचाच. तेवीस-चोवीस वर्षांत इथे दोन लाखही गाड्या झाल्या नाहीत. आधी फेटन, मग इलेक्ट्रिक गोल्फ, मग आयडी-३. आता जागा विद्यापीठाबरोबर संशोधनासाठी वापरणार आहेत. नोकऱ्या जाणाऱ्यांचं दुःख खरं आहे, पण ऑफिसात कँटीनच्या टेबलावर ज्या सुरात बोलणं चालतं तो मला खटकतो. चीनने आमचं घेतलं, आता चीनला दाखवून द्यायला हवं. कोणी घेतलं, काय घेतलं, कधी घेतलं, ह्याच्या तपशिलात कुणाला रस नसतो.

तपशील बघितला तर गंमत आहे. फोक्सवागन १९८०च्या दशकात शांघायला भागीदारीत गेली आणि पुढची तीन दशकं तिने तिथे पोटभर कमावलं. त्याच काळात, १९९५मध्ये, वांग च्वानफू नावाच्या माणसाने शेन्झेनमध्ये बीवायडी काढली, ती मोबाइलच्या बॅटऱ्या करण्यासाठी. गाड्या खूप नंतर आल्या. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि ती ज्याच्या घरची त्याच्या हातात किंमत. २०२३मध्ये बीवायडीने चीनमधला पहिला नंबर फोक्सवागनकडून घेतला. २०२५मध्ये जगभरात निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बीवायडीने साडेबावीस लाखांच्या वर विकल्या, टेस्लाने साडेसोळा लाखांच्या आत. आणि आता फोक्सवागन चीनसाठीच्या गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स एक्सपेंग (श्याओपेंग) ह्या चिनी कंपनीच्या मदतीने बनवते आहे. गुरु-शिष्य उलटे झाले. ह्यात चोरी किती, मेहनत किती आणि सरकारी पैसा किती, हे वेगवेगळं मोजावं लागतं.

आणि मोजलंही. युरोपियन कमिशनने वर्षभर चौकशी करून २०२४च्या ऑक्टोबरअखेर चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा शुल्क लावलं. मला त्यातली एक गोष्ट आवडली होती. ‘चिनी गाडी’ म्हणून सरसकट एक आकडा नव्हता. बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८, एसएआयसीला ३५.३. टेस्ला शांघायच्या कारखान्यातून गाड्या पाठवते, तिलाही ७.८. नेहमीचं १० टक्के शुल्क वेगळं. ज्याला सरकारकडून जेवढं मिळालं असं दिसलं, त्याला तेवढं. ज्याने कागद दाखवले नाहीत, त्याला जास्त. आकडे बरोबर की चूक ह्यावर वकील भांडू शकतात, आणि भांडतात. ह्याच मतदानात जर्मनीने विरोधात मत दिलं, कारण चीनमध्ये स्वतःचा धंदा अडकलेला. तेही माणसासारखंच.

चीनचं उत्तर मात्र ब्रँडीवर आलं. मग डुकराच्या मांसावर, मग दुधाच्या पदार्थांवर. कोन्याकच्या द्राक्षमळेवाल्याने बॅटरीवर सबसिडी मोजायला कुणाला सांगितलं होतं? स्पेनमधल्या वराहपालकाचा एसएआयसीशी काय संबंध? चोर सोडून संन्याशाला सुळी. कागदोपत्री तीही ‘चौकशी’च होती, पण वेळ आणि निशाणा बघितला की हेतू लपत नाही.

दुपारी दादाचा फोन आला होता. त्याची टाटाची नेक्सॉन की एमजीची विंडसर ही चर्चा दिवाळीपासून चालू आहे. विंडसरमध्ये बॅटरी भाड्याने घ्यायची आणि किलोमीटरमागे पैसे मोजायचे, ही कल्पना त्याला पटतही नाही आणि सोडवतही नाही. वर चाकणलाच बनणारी महिंद्रा सोडून बाहेरची घेतली तर कंपनीतले लोक काय म्हणतील, ही काळजी. मी म्हटलं, “अरे, एमजी म्हणजे मूळची इंग्रजांची, आता मालकी एसएआयसीची, भारतात जिंदालांबरोबर भागीदारी, गाडी बनते हालोलला. ह्यात बाहेरचं कोण ते तूच ठरव.” तो हसला. मग युरोपच्या शुल्काचा विषय निघाला तर म्हणाला, “अगं, जशास तसं. त्यांनी मारलं, ह्यांनी मारलं. जग असंच चालतं.” मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते ‘जशास तसं’ आजच्या दिवशी ऐकायला नको होतं.

मोटारींच्या शुल्काशेजारी पुढचं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण काचेच्या कारखान्याच्या जागेवरच पूर्वी ड्रेस्डेनचं प्रदर्शनाचं मैदान होतं, ते १९४५मध्ये उद्ध्वस्त झालं. शेजारीच ग्रोसर गार्टन. त्या वर्षी १३ फेब्रुवारीच्या रात्री ब्रिटिश विमानांच्या पहिल्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेली माणसं जळत्या गल्ल्यांतून ह्या बागेत पळाली, झाडाखाली तरी श्वास घेता येईल म्हणून. दुसरा हल्ला त्यांना तिथे गाठून झाला. उन्हाळ्यात मी तिथेच चटई टाकून वाचत बसते.

हल्ल्याची आखणी वाचली की अंगावर काटा येतो. ती करणारे राक्षस नव्हते, चांगले इंजिनियर होते म्हणून. एल्बेकाठचं फुटबॉलचं मैदान हा खुणेचा बिंदू. तिथे आधी रंगीत प्रकाशगोळे टाकायचे. मग लँकेस्टर विमानांनी त्या मैदानावरून जायचं, पण प्रत्येकाने थोड्या वेगळ्या कोनात, आणि ठरलेले सेकंद मोजून बॉम्ब सोडायचे. त्यामुळे पंख्यासारखा उलगडत जाणारा एक तुकडा भरून निघतो. तो तुकडा म्हणजे जुनं शहर. आधी मोठे बॉम्ब, छपरं आणि खिडक्या उडवायला. त्यांच्याबरोबर लाखोंनी आग लावणाऱ्या कांड्या, उघड्या पडलेल्या घरांत लाकूड पेटवायला. पहिल्या फेरीत २४४ विमानं, काम पंधरा-वीस मिनिटांत संपलं. दुसऱ्या फेरीत ५२९, पण तीन तासांनंतर. का तीन तास? तेवढ्यात आजूबाजूच्या गावांचे बंब शहरात पोहोचतात, माणसं तळघरांतून वर येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी अमेरिकन विमानं आली. पंधरा तारखेला सकाळी फ्राउएनकिर्खं हे शहरातलं मोठं चर्च कोसळलं.

शहरात कारखाने होते, रेल्वेचं मोठं जंक्शन होतं, पूर्वेला सोव्हिएत फौज शंभरेक किलोमीटरवर येऊन ठेपली होती. हे सगळं खरं. पण तो पंखा कारखान्यांवर उलगडला नव्हता.

किती मेले, ह्यावर इथे दर फेब्रुवारीत भांडण. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१०मध्ये सांगितलं, जास्तीत जास्त पंचवीस हजार. नाझींच्या प्रचारखात्याने त्या वेळी आकड्याला एक शून्य जोडून दिलं होतं, आणि आजचे त्यांचे वारस ते शून्य अजून सांभाळून आहेत. दर वर्षी काळे कपडे घालून मोर्चा काढतात. त्यांच्याच विरोधात ही मानवी साखळी उभी राहते. त्या मोर्चाच्या फलकांवर ‘बॉम्बिंग होलोकॉस्ट’ असलं काही वाचलं की मनात येतं, मेलेल्यांचा इतका हलका वापर मारणाऱ्यांनीही केला नसेल.

आज माझ्या डाव्या हाताला एक शाळकरी मुलगा होता, हातमोजा ओला. उजवीकडे निवृत्त नर्स. तिने मला विचारलं, “तुम्ही कुठल्या?” मी पुणे म्हटलं. ती म्हणाली, “मग तुम्हाला इंग्रजांबद्दल बोलायची मुभा आहे.” थट्टा होती, पण मी विचारात पडले. इंग्रजांवर राग काढायला आपल्याला तेवढंच निमित्त लागतं. १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरून मी चर्चिलला शंभर वेळा बोल लावलेत. पण त्या रागाने ड्रेस्डेनचा न्याय करायला बसले, तर मीही पंखाच उलगडणार.

शिवाय इथे व्हिक्टर क्लेंपररचं काय करायचं? ज्यू प्राध्यापक. बायको एफा ज्यू नव्हती, म्हणून तोवर जिवंत राहिलेले. तेरा तारखेला सकाळी त्यांच्यावर काम आलं होतं, उरल्यासुरल्या ज्यूंच्या घरी जाऊन नोटिसा द्यायच्या. तीन दिवसांनी सामानासह हजर व्हा, कामासाठी नेणार आहोत. ते काम म्हणजे काय, हे क्लेंपररना ठाऊक होतं. रात्री बॉम्ब पडले. त्या गोंधळात एफाने खिशातल्या चाकूने त्यांच्या कोटावरचा पिवळा तारा कापून काढला आणि दोघं निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून बव्हेरियाकडे निसटली. हे सगळं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. तारा असताना रोजनिशी लिहिणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. पानं एफा दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे पोचवायची. ज्या बॉम्बांनी हजारो पोरंबाळं जाळली त्यांनीच ह्या माणसाला वाचवलं. मी कितीदा विचार केला तरी हे दोन्ही एका वजाबाकीत बसत नाही, आणि बसवू पण नये. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे ओलं जळालं आणि एक सुकं पान वाऱ्याने उडून वाचलं, असंही झालं.

ब्रिटनमध्ये तेव्हाही सगळे एका सुरात नव्हते, हे आपल्याकडे फार सांगितलं जात नाही. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल १९४४च्या फेब्रुवारीत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उठून म्हणाले की शहरंच्या शहरं पुसणं हे आपण ज्यासाठी लढतोय त्यात बसत नाही. जर्मन बॉम्बांनी जाळलेलं कोव्हेंट्री, लंडन, रॉटरडॅम ताजं असताना हे बोलायला धाडस लागतं. आणि सूड नको म्हणणाऱ्यांचं पुढे ऐकलंही गेलं, निदान एका बाबतीत. अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ १९४४मध्ये म्हणत होते की जर्मनीचे कारखाने उचलून न्या, देश शेतीवर आणून ठेवा. तसं झालं असतं तर फोक्सवागनचा वोल्फ्सबुर्गचा मूळ कारखाना भंगारातच जायचा. तोही बॉम्ब खाल्लेला, आणि हजारो वेठबिगारांच्या घामावर युद्धभर चाललेला. त्याचा ताबा ब्रिटिशांकडे आला. इव्हान हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरने तो झाडूनपुसून उभा केला आणि सैन्याने त्याला ऑर्डर दिली, वीस हजार गाड्या. कँटीनमध्ये ‘आमची गाडी, आमचं घेतलं’ म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगायचं आहे. पण वेठबिगारांचा हिशेब त्या ऑर्डरने फिटला नाही. त्यांच्यातल्या फार थोड्यांना, तेही पन्नास-पंचावन्न वर्षांनी, काही पैसे मिळाले.

आणि बॉम्बहल्ल्यांचा? युद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात शहरांवरच्या बॉम्बहल्ल्यांसाठी कुणालाच शिक्षा झाली नाही. जर्मनांवर तो आरोप धरला असता तर त्यांच्या वकिलांनी लगेच हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन पुढे केलं असतं. म्हणून कोव्हेंट्रीच्या माणसालाही न्याय मिळाला नाही. टोकियोच्या खटल्यात भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल ह्यांनी वेगळ्या निकालपत्रात अणुबॉम्बचा विषय काढला, पण तिथे आरोपी बसले होते जपानी.

चर्चिलने २८ मार्च १९४५ला एक टिपण लिहिलं, की निव्वळ दहशत वाढवण्यासाठी दुसरी कारणं दाखवून शहरांवर बॉम्ब टाकणं ह्याचा फेरविचार व्हावा. हवाई दलाने आक्षेप घेतला तेव्हा ते मागे घेऊन सौम्य शब्दांत परत लिहिलं. म्हणजे त्यांना कळत होतं. पुतळा मात्र १९९२मध्ये लंडनला ब्रिटिश बॉम्बर दलाचा प्रमुख हॅरिस ह्याचा उभा राहिला आणि लाल रंगही त्याच्याच अंगावर पडला. मला ते अर्धवट वाटतं. विमानांत बसलेली पोरं, ज्यांच्यातली पंचावन्न हजार परत आली नाहीत, त्यांना मी आरोपी धरणार नाही. रेल्वे जंक्शनवरचा हल्ला, कारखान्यांवरचा हल्ला, तेही मी सोडून देईन. हिटलर तेव्हा जिवंत होता आणि आउशवित्झ मुक्त होऊन जेमतेम अडीच आठवडे होत होते. पण दोन फेऱ्यांमधले ते तीन तास ज्यांनी कागदावर लिहिले आणि ज्यांनी त्याखाली सही केली, त्यांच्यावर खटला चालायला हवा होता. तिथे कोव्हेंट्रीचं कारण पुरत नाही.