घरघर

एखाद्या गायिकेने आपल्या तीन तबकड्यांना तीन घरांची नावे द्यावीत आणि पहिल्या घरातून दुसऱ्या घरात जायला तिला चौतीस वर्षे लागावीत, ही गोष्ट तिचे गाणे कानावर पडण्याआधीच मला आवडून गेली होती. एमान्युएल पारेनँ हे त्या गायिकेचे नाव. १९७७ साली त्यांची ‘मेझों रोझ’, म्हणजे गुलाबी घर, ही तबकडी निघाली; २०११ साली ‘मेझों क्यूब’, म्हणजे घनाकृती घर; आणि २०२२ साली ‘टार्गाला’, जिच्या नावापुढे ‘घर नसलेले घर’ अशा अर्थाचे शब्द जोडलेले आहेत. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी गोळा करणाऱ्या आणि गाणाऱ्या या बाई पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या संगतीने, ज्याला प्रायोगिक पॉप म्हणतात तसले संगीत करू लागल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते, आणि ते अशा सुरात की जणू एका बिऱ्हाडाला कुलूप लावून त्या दुसऱ्यात राहायला गेल्या. घर बदललेल्या माणसाला मात्र नव्या पत्त्यापेक्षा ट्रकमध्ये काय चढले आणि काय मागे राहिले याचीच आठवण अधिक राहते, आणि पारेनँबाईंचे संगीत मी त्याच कुतूहलाने ऐकत आले आहे.

आमच्याकडे अशी चढलेली वस्तू म्हणजे आजीचे जाते. चार बिऱ्हाडे बदलून ते आता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आहे, त्यावर गेली कित्येक वर्षे दळण पडलेले नाही, आणि दर वेळी सामान बांधताना ‘हे कशाला?’ हा प्रश्न विचारला जाऊनही ते प्रत्येक ट्रकमध्ये चढलेले आहे. पारेनँबाईंच्या हातात जे वाद्य आयुष्यभर राहिले ते पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा मला या जात्याचीच आठवण झाली, आणि ती उपमा काही केल्या डोक्यातून जाईना.

त्या वाद्याला फ्रेंचमध्ये ‘व्हिएल आ रू’, म्हणजे चाकाची व्हिएल, म्हणतात. इंग्रजीतले त्याचे हर्डी-गर्डी हे नाव आपल्याकडे अधिक ऐकू येते. मांडीवर आडवे घ्यायचे हे वाद्य आहे. त्याच्या पोटात एक लाकडी चाक असते, चाकाच्या कडेला राळ चोळलेली असते, आणि उजव्या हाताने दांडा फिरवला की ते चाक तारांना घासत राहते. म्हणजे व्हायोलिनचा गज गोल करून त्याला कधी न संपणारा केला तर जे होईल तेच इथे होते. तारा जिथे चाकाला टेकतात तिथे कापसाचा पातळ पेळू गुंडाळावा लागतो, आणि तो कमी-जास्त झाला की सूर लगेच रुसतो. डाव्या हाताच्या बोटांखाली लाकडी पट्ट्या असतात, त्या दाबल्या की गाण्याच्या तारांवर चाल उमटते. बाकीच्या तारांना मात्र कोणी हात लावत नाही. त्या आपल्या एकाच स्वरावर, गाणे कोणतेही असो, सतत वाजत राहतात. त्या स्वराला फ्रेंचमध्ये ‘बुर्दों’ म्हणतात आणि भुंग्यालाही बुर्दोंच म्हणतात. एका बारीक तारेचे नाव माशी आहे. आणखी एका तारेखाली एक छोटी घोडी असते, तिचा एक पाय मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि तिला कुत्रा म्हणतात. वाजवणाऱ्याने दांडा फिरवताना मनगटाला हिसडा दिला की हा कुत्रा वाद्याच्या पाटावर थरथरतो आणि त्यातून गुरगुरता ताल निघतो. मिरजेचे तंबोरे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, कारण तिथेही घोडी आणि तार यांच्यामध्ये एक दोरा सरकवून, तो केसभर मागेपुढे करून जवारी काढली जाते, आणि तिथेही शुद्ध, गुळगुळीत स्वरापेक्षा किंचित खरखरणारा स्वरच अधिक जिवंत मानला जातो.

हे वाद्य ‘परंपरेचे’ म्हणून ओळखले जाते खरे, पण त्याने स्वतः किती घरे बदलली हे पाहिले की या शब्दाचा धाक जरा कमी होतो. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील चर्चच्या बाराव्या शतकातल्या प्रवेशमंडपावर त्याचा पूर्वज कोरलेला आहे, आणि तो इतका मोठा आहे की दोन म्हातारे तो मांडीवर घेऊन बसले आहेत. दोघींनी समोरासमोर बसून एकच खुंटा धरावा, तसाच हा प्रकार. पुढे हे वाद्य आंधळ्या भिकाऱ्यांच्या हाती गेले. अठराव्या शतकाच्या आरंभी राजेरजवाड्यांना गुराख्यांचे खेळ खेळण्याची हौस आली तेव्हा व्हर्सायच्या बातों नावाच्या कारागिराने जुन्या गिटारी आणि ल्यूट यांचे सांगाडे घेऊन त्यांत चाके बसवली, आणि भिकाऱ्याचे वाद्य हस्तिदंताने मढून दिवाणखान्यात आले. (दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड थाटण्याचा याहून शब्दशः दाखला मला ठाऊक नाही.) ती हौस फिटली तशी व्हिएल पुन्हा रस्त्यावर आणि मग बेरी, बुर्बोने, ओव्हेर्न्य या मध्य फ्रान्सच्या मुलखात लग्नांच्या वरातीत आणि नाचांत रुळली, झाँझा नावाच्या छोट्या गावात कारागिरांच्या पिढ्या ती घडवत राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वाजवणारे बहुतेक म्हातारे उरले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर तिला घरघर लागली होती.

त्या सुमारास पॅरिसमधील तरुण मुलांना तिचा शोध लागला. १९६९ मध्ये तिथे लोकसंगीताचा जो क्लब सुरू झाला त्याचे नावच ‘ल बुर्दों’ होते. पारेनँबाई या पिढीतल्या, पण त्या खेड्यातून शहरात आल्या नव्हत्या. त्यांचे वडील जाक पारेनँ हे व्हायोलिनवादक, आणि त्यांच्या नावाचे तंतुवाद्यांचे चतुष्टय विसाव्या शतकातील नव्या, अवघड रचना वाजवण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे मुलीच्या कानावर लहानपणी ‘प्रायोगिक’ संगीत पडलेले होते आणि लोकगीत हीच तिच्यासाठी परकी, शोधायला जावे लागणारी गोष्ट होती. तिच्या प्रवासाची दिशा सांगणारे लोक हे विसरतात असे मला वाटते. टेपरेकॉर्डर खांद्याला लावून ही मुले गावोगाव हिंडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून त्यांनी गाणी उतरवून घेतली, आणि मग पॅरिसला परत येऊन ती गायली. पारेनँबाई ‘मेल्युझीन’ या समूहात गायल्या आणि व्हिएल वाजवू लागल्या.

या कथेतला खरा खट्याळ नायक मला तो टेपरेकॉर्डर वाटतो. फ्रान्समध्ये त्याची दोन कुटुंबे होती. एक लोकगीते जमवणाऱ्यांचे. दुसरे पॅरिसच्या रेडिओ केंद्रात १९४८ साली पिएर शेफेर यांनी सुरू केलेले, ज्यात आगगाडीचे आवाज, भोवरे, भांडी यांचे ध्वनी मुद्रित करून, कापून, उलटे फिरवून त्यांतून संगीत रचले जात असे. आधी तबकड्यांवर आणि मग फितीवर. एकाला आवाज आहे तसा जपायचा होता, दुसऱ्याला तो आहे तसा मुळीच राहू द्यायचा नव्हता, पण दोघांच्या टेबलावर फिरणारी फीत एकच होती. ‘मेझों रोझ’ ज्यांनी ध्वनिमुद्रित केली ते ब्रुनो मेनी या दुसऱ्या कुटुंबातले. त्यांनी स्वतः १९७२ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताची तबकडी काढलेली होती. त्यामुळे गुलाबी घरात शिरताना व्हिएल, एपिनेत नावाचे छेडण्याचे छोटे वाद्य आणि पिसासारखा हलका गळा यांची ओळखीची बैठक मांडलेली दिसते, पण जरा आत गेले की भिंती किंचित सरकलेल्या आहेत असे वाटू लागते. आवाजाच्या पाठीमागून त्याचाच दुसरा आवाज येतो आणि मूळ आवाज कुठला हे सांगता येत नाही. ‘तोपाझ’ या रचनेत तर ढोल असे धडधडत येतात आणि व्हिएलचे चाक त्यांच्यावर असे घोंघावते की ही १९७७ ची तबकडी आहे हे पुन्हा एकदा तपासून घ्यावेसे वाटते. त्या तबकडीवरची गाणी बहुतेक नवी आहेत, आणि तरीही ती ऐकताना कोणी तरी आपल्याला फार जुने काही सांगते आहे हा भास सुटत नाही. ती तेव्हा मोजक्या कानांपर्यंतच पोचली.

गाणे टिपून घेणे म्हणजेच त्याला घरातून हलवणे, हे आपल्याकडच्या एका उदाहरणावरून मला कळले, आणि त्यातही फ्रान्सचा हात आहे. पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लाखाच्या वर ओव्या त्यांच्या संग्रहात आल्या, आणि बर्नार बेल या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या आणि संगणकीय संग्रहाच्या कामाला हातभार लावला. त्यातली ध्वनिमुद्रणे मी पुष्कळ ऐकली आहेत. बाई ओवी गाते, स्पष्ट, एकटी, आणि काही ठिकाणी जात्याचा आवाज नसतो, कारण तोवर गावात गिरणी आलेली असते. शब्द तेच, चाल तीच, पण पहाटेचा अंधार, समोरच्या बाईचा खुंट्यावरचा दुसरा हात, पिठाचा वास आणि गाणे थांबले तरी न थांबणारी ती घरघर मागे राहिलेली असते. ज्यांनी ओव्या वाचवल्या त्यांच्याविषयी मला कृतज्ञतेखेरीज काही वाटत नाही. पण ही ध्वनिमुद्रणे ऐकल्यापासून, लोकगीत सोडून प्रयोगाकडे वळली म्हणून एखाद्या गायिकेवर कोणी नाक मुरडले की मला त्याची बाजू घेता येत नाही. गाण्याचे घर त्याआधीच मोडलेले असते. गाणे बाहेर व्हरांड्यात उभे असते, आणि बुर्दों तेवढा सोबत नेता येण्यासारखा असतो.

पारेनँबाईंनी तो नेला, पण सरळ नाही. गुलाबी घरानंतर त्या नृत्याकडे वळल्या आणि कॅरोलिन कार्लसन यांच्या नर्तकसंघासोबत काम करू लागल्या. मग एका अपघातात त्यांची श्रवणशक्ती गेली. इथे मला दर वेळी थांबावे लागते, कारण वादकाला बहिरेपण येणे ही गोष्ट इतकी नाट्यमय आहे की तिच्याभोवती आपोआप पोथी तयार होते. त्यांनी पुढे जे केले ते मात्र पोथीपेक्षा साधे होते: वाद्य अंगाशी धरायचे, आवाज लावायचा, आणि कानात न येणारा स्वर हाडांत, छातीत, पोटात कुठे लागतो ते शोधत राहायचे. व्हिएल यासाठी किती सोयीची आहे पाहा. ती पोटाशी बांधूनच वाजवतात, आणि बुर्दोंची तार सुरू झाली की तो स्वर बरगड्यांना आधी कळतो. अशा वाटेने त्यांचे ऐकणे परत आले, आणि त्यांनी आवाजाने उपचार करण्याची आपली एक पद्धत बसवून तिला सुईणपण आणि ध्वनी या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून नाव दिले. त्या पुष्कळ काळ रंगमंचापेक्षा त्या कामातच रमल्या.

दुसऱ्या घराचे दार त्यांच्यापेक्षा वयाने खूप लहान असलेल्या लोकांनी उघडले. सिंथेसायझर वाजवणारे एत्येन झोमे यांनी २००९ मधील आपल्या तबकडीत त्यांना बोलावले, आणि तिथल्या वीसेक मिनिटांच्या लांबलचक रचनेत यंत्राचा एकसुरी स्पंद आणि चाकाचा एकसुरी घोष असे एकमेकांत मिसळतात की सांधा सापडत नाही. यात नवल नाही. दोघांनाही एकच स्वर तासभर धरून ठेवण्याचा कंटाळा येत नाही. मग घनाकृती घर आले. मग २०२१ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे संगीतकार देटलेफ वाइनरिख यांच्याबरोबर ‘झुर द ग्रेव्ह’, म्हणजे संपाचे दिवस. पॅरिसमध्ये गाड्या बंद असलेल्या हिवाळ्यात ते संगीत झाले, आणि त्यातला ठेकाही पायी चालणाऱ्या माणसासारखा, घाई नसलेला आहे. हे सगळे मला सारखेच आवडते असे म्हणणार नाही. यंत्र कधी कधी पाहुण्यासारखे न वागता घरमालकासारखे वागते, आणि तेव्हा त्या हलक्या गळ्याला कोपऱ्यात बसावे लागते. याला पॉप म्हणावे का, हेही मला नीट उमगलेले नाही. लग्नात वाजेल असे त्यात काही नाही. पण जिथे चाक फिरू लागते तिथे मी मुकाट्याने ऐकते.

परवा आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचे लग्न होते आणि हळद दळायला जाते लागणार होते, म्हणून आमचे जाते त्यांच्याकडे गेले. सुपारी बांधून, कुंकू लावून पाच जणी भोवती बसल्या, पण ओवी कोणालाच दोन ओळींच्या पुढे येईना, तेव्हा एका मुलीने फोनवर ओव्यांचे ध्वनिमुद्रण लावले. जाते फिरू लागले आणि फोन ऐकू येईनासा झाला. तिने आवाज वाढवला, तरी येईना. शेवटी नवरीच्या आजीने, ज्या इतका वेळ खुर्चीवर गप्प बसून होत्या, फोन बंद करायला सांगितला आणि बसल्या जागेवरून, शब्द आठवत नसल्यामुळे नुसताच सूर लावला. तो जात्याच्या आवाजाला लागून होता. हळद केव्हाच दळून झाली होती, तरी दोघीजणी खुंटा फिरवतच होत्या.

जाते परत आले आहे, त्याच्या टाकीच्या खाचांमध्ये पिवळेपणा राहिला आहे, आणि मी तो अजून पुसलेला नाही.